पाऊण पेला

आमच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या काकांना सगळे पाऊणकाका म्हणत. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, उंचीमुळे. उंचीही बेताचीच होती म्हणा. वाफेच्या इस्त्रीच्या टेबलापाशी त्यांच्या पायाखाली फळी टाकावी लागायची, आणि ते लांब कोट इस्त्रीला घेत तेव्हा पाठीमागून नुसता कोटच हलताना दिसायचा. पण नावाचं कारण ते नव्हे. ऋतू पालटायला लागला की या माणसाचं सगळंच पाऊण व्हायचं. दूध पाऊण, दही पाऊण, जेवणातलं तूप पाऊण. इथवर समजू शकतं. पण स्वेटर पाऊण? चार बटणांतलं वरचं एक उघडं ठेवलं की झाला पाऊण. दुपारची वीस मिनिटांची डुलकी पंधरावर आणायची म्हणून गजर लावून झोपणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दुकान माझ्या वडिलांचं, आता माझं. माझ्या जिभेला हाड नाही असं वडील म्हणायचे. त्यांच्या तरी कुठे होतं? काका दुकानात आले तेव्हा मी शाळेत जात होते. तेव्हा मला एकेरी हाक मारायचे, मी गल्ल्यावर बसायला लागल्यापासून 'ताई' आणि 'तुम्ही' सुरू केलं. मी कितीदा सांगितलं, काका, मी तुमच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. तर म्हणायचे, "इस्त्रीला तापायला वेळ लागतो ताई, तुम्हाला लागत नाही. मान देऊन लांबच राहिलेलं बरं."

ऋतू आधी लाँड्रीत बदलतो, मग बाहेर. झाडंबिडं नंतर. एक दिवस ऊन जरा चटका देतं, की दुसऱ्या दिवशी काउंटरवर कोटांचा आणि रजयांचा ढीग. लोकांना सगळं एकदम हवं असतं. काल नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला माणूस आज अर्ध्या बाहीत येतो आणि चार दिवसांनी शिंकत, डोळे पुसत कोट परत मागायला येतो. तो आपण धुवून, घडी घालून, पिशवीत बांधून वर टाकलेला असतो. मग माझं डोकं फिरतं. काका मात्र फळीवर उभ्या उभ्या म्हणायचे, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. एक बटण सोडायला काय झालं होतं?"

हे ज्ञान काकांचं स्वतःचं नव्हे. ते काकूंचं. काकू लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं एका वैद्यांच्या औषधालयात पुड्या बांधायला होत्या. शिक्षण फारसं नाही, पण कान तिखट. आत वैद्य रोग्याला काय सांगतायत ते बाहेर पुड्या बांधता बांधता ऐकायच्या आणि पुडीसारखंच चौकोनी करून डोक्यात ठेवायच्या. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात, हा त्यांचा नाजूक पंधरवडा. या दिवसांत जुनी सवय एकदम सोडायची नाही आणि नवी एकदम धरायची नाही. चार दिवस जुनं पाऊण आणि नवं पाव, चार दिवस अर्धं अर्धं, चार दिवस जुनं पाव आणि नवं पाऊण. उरले दोन दिवस. "ते नुसतं बघायला," काकू म्हणायच्या. "अंगाला विचारायचं, बाबा रे, जमतंय का?"

वैद्यांनी इतकं मोजूनमापून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. हे काकूंचं घरगुती गणित. पण त्यानं काका उभे राहिले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लग्नाआधी हा माणूस दर ऋतूला, नेमका कामाच्या गर्दीत, छाती भरून पंधरा दिवस आडवा व्हायचा. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि घामेजल्या अंगानं बाहेरच्या वाऱ्यात जायचं. दुसरं काय होणार? माझे वडील दरवर्षी त्यांना कामावरून काढायचे आणि दरवर्षी परत घ्यायचे, कारण कॉलरला तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मग काकू आल्या. सकाळी उठल्यावर कोमट पाणी. नाकात तेलाचे दोन थेंब. थंडीत अंगाला तिळाचं तेल, संध्याकाळी सात वाजता सुंठ घालून दूध. थंडी सरताना दूध पावापावानं कमी आणि त्या जागी सुंठेचं गरम पाणी पावापावानं जास्त. संध्याकाळी दोघं एकमेकांच्या तळपायांना तेल चोळायची. हे मला काकूंनीच सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर लाजल्या होत्या. लग्नानंतरच्या एकोणतीस वर्षांत काकांनी आजारपणाची एक सुट्टी घेतली नाही.

मलाही काकूंनी खूप सांगून पाहिलं. "तुझं सगळं पित्त आहे बाई. उन्हाळा लागला की चहा पाऊण कर, तिखट पाऊण कर, ओरडणं तर अर्ध्यावरच आण." मी हो हो म्हणायची आणि तिसरा चहा मागवायची. गाढवाला गुळाची चव काय!

थंडी संपत आली होती तेव्हा काकू गेल्या. सकाळी अंथरुणाच्या घड्या घातल्या, "जरा बसते" म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच. काका आत नाकात तेल घालून मान वर करून पडले होते. हाक मारली, उत्तर आलं नाही. इतकंच. आजार नाही, दवाखाना नाही. लोक म्हणाले, भाग्यवान होती. मला त्या लोकांचा संताप आला.

त्यांना एकच मुलगा, सत्तावीस वर्षांचा. लांबच्या शहरात मोठ्या इमारतींना लिफ्ट बसवायच्या कामावर असतो. लहानपणी आमच्या दुकानातल्या हँगरांची तलवार करून खेळायचा, त्यामुळे मला मावशी म्हणतो. पोरगा गुणी, पण घाईचा. तो त्याच संध्याकाळी येऊन पोचला, सगळं निस्तरलं, आणि आठवड्यानं वडिलांना म्हणाला, "बाबा, तुम्ही आता इथं एकटं राहायचं नाही. रविवारी निघू."

काका म्हणाले, "येतो. पण चौदा दिवस दे."

"कशाला चौदा दिवस?"

"ऋतू पालटतोय."

मुलानं कपाळावर हात मारला. पण सुट्टी वाढवून घेतली.

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले. स्वेटरचं वरचं बटण उघडं होतं. ते पाहून मला बरं वाटलं आणि काळजीही वाटली. हा त्यांचा पहिला पंधरवडा, काकू नसलेला. दिवस मोजायच्या त्या, तेल कोमट करायच्या त्या, "आज अर्धं हं" म्हणायच्या त्या. काका फक्त ऐकायचे. ही चौदा दिवसांची वाट त्यांना एकट्याला जमते का, की पहिल्यासारखी छाती भरून हा माणूस आडवा होतो आणि या वेळी उठतच नाही, याच काळजीनं मी दिवसभर त्यांच्या खोकल्याकडे कान लावून बसायची.

चौथ्या दिवशी मुलगाच दुकानात आला. काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "मावशी, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही."

"का रे?"

"रोज संध्याकाळी दोन पेले भरतात. एक स्वतःचा, एक आईचा. तिचा तिच्या खुर्चीपुढे ठेवतात आणि खुर्चीशी बोलत बसतात. मी विचारलं तर म्हणाले, सवय आहे. मला भीती वाटते मावशी. तिकडे मी एका डॉक्टरांशी बोललोय."

मी त्याला सांगितलं, मी बघते. संध्याकाळी त्याला सामानासाठी खोकी आणायला बाजारात पिटाळलं आणि काकांच्या घरी गेले.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत पलंग, कपाट, खिडकीजवळ खुर्ची आणि स्टूल. मागे स्वयंपाकघर, मधे पडदा. सात वाजायला आले होते. काकांनी मला पलंगावर बसवलं, मला पाणी दिलं आणि आपल्या कामाला लागले. दोन पेले. स्वतःच्या पेल्यात पाऊण दूध आणि वर पाव सुंठेचं पाणी. दुसऱ्या पेल्यात पाऊण दूध. वर काही नाही. तो स्टुलावर ठेवला. शेजारी तेलाची वाटी, तीही भरायला थोडी कमीच. मग घड्याळ बघितलं आणि रिकाम्या खुर्चीला दुकानातलं सांगायला लागले. कोटाचं अस्तर फाटलं होतं, ताई गिऱ्हाइकावर कशा खेकसल्या, सगळं. मी समोर बसलेली असताना! मधेच थांबले, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "झाली पंचेचाळीस मिनिटं. रोज तासभर बोलायचो आम्ही."

माझ्या लक्षात आलं.

"काका, तुम्ही काकूंना पावापावानं सोडताय?"

ते ओशाळले. "दुसरं मला येतं काय, ताई? एकोणतीस वर्षांची सवय. एकदम सोडली तर बाधणार. उद्यापासून अर्धा पेला, अर्धा तास. मग पाव. चौदा दिवसांनी पोराबरोबर जायचं. मी नाही कुठे म्हणतोय?"

मी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"फक्त एक चुकतंय," काका पेल्याकडे बघत म्हणाले. "सोडायचं पावानं तसं धरायचंही पावानं. दूध कमी केलं की तिथं सुंठेचं पाणी. तिच्या पेल्यात मी कमी करतोय खरं, पण वर घालायला काही सापडत नाही. तेवढी जागा रिकामीच राहते. हे तिला विचारायचं राहिलं."

मग त्यांनी तो पेला उचलून स्वतः पिऊन टाकला, वाटीतलं तेल बाटलीत परत ओतलं, आणि मला म्हणाले, "पोराला सांगू नका. आमच्या पावाला तो लहानपणापासून हसतो. एरवी हसू दे. आत्ता हसला तर माझ्याच्यानं सोसवणार नाही."

मी कबूल केलं. मुलाला एवढंच म्हणाले, "तुझे बाबा शहाणे आहेत, तू डॉक्टराला नमस्कार सांग." खरं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण शब्द दिला होता.

सहाव्या दिवशी दुपारी काका डबा खायला मागे गेले असताना मुलगा गाठोडं घेऊन आला. चादरीत बांधलेलं, मोठं. "आईचे कपडे. सगळे. बाबा कपाट उघडून नुसते उभे राहतात. स्वच्छ करून तुम्ही कुणाला तरी देऊन टाका मावशी. त्यांना कळू देऊ नका. एकदाचं मोकळं होऊ दे."

मला त्याला तिथल्या तिथे परत पाठवायला हवं होतं. पण मी विचार केला, माझ्याजवळ राहिलं तर निदान जपून राहील. दुसऱ्या कुणाला दिलं तर संपलंच. म्हणून घेतलं आणि पायाशी ठेवलं, माझ्या खुर्चीखाली सरकवायला. तेवढ्यात एक चॉकलेटी कोटवाला आला. एक बटण गेलंय म्हणाला. आम्ही कधी बटण हरवत नाही. हरवलंच तर मी मान्य करते. पण तो म्हणाला, तुमच्याकडे हे नेहमीचंच आहे. झालं! माझा पारा चढला. मी त्याला घेऊन मागच्या मशीनपाशी गेले, गाळणीत हात घालून दाखवला, वहीतली नोंद दाखवली, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार तेवढा बाकी ठेवला. बटण शेवटी त्याच्याच खिशात निघालं. विजयी मुद्रेनं मी चांगल्या तासाभरानं काउंटरवर आले तर पायाशी गाठोडं नाही.

काउंटरवर कपडे घ्यायला आमच्याकडे एक बाई असते, तिचा काय दोष? तिनं तिचं काम केलं होतं. गाठोडं दिसलं, सोडलं, कपडे स्वच्छच होते म्हणून प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी टाचून थेट इस्त्रीच्या रांगेत लावून दिले होते.

मी आत धावले. टेबलाच्या उजव्या बाजूला तयार कपड्यांची चळत होती. राखाडी स्वेटर, कोपरावर रफू केलेला. दोन शाली. घरात घालायचे गाऊन, ज्यांच्या खिशाला तेलाचा पिवळट डाग कधीच गेला नाही. रुमाल, मोजे. मोजेसुद्धा इस्त्री केले होते. काकांनी आयुष्यात मोज्यांना इस्त्री लावली नव्हती. शेवटचा निळा स्वेटर त्यांच्या हाताखाली होता. बाह्या आत घेतल्या, घडी घातली, वरून एकदा तळहात फिरवला. मग माझ्याकडे न बघता, रोज विचारतात तशा आवाजात विचारलं, "ताई, चिठ्ठीवर नाव नाहीये. हे कुणाला द्यायचे?"

त्यांनी थोडी वाट पाहिली, इस्त्रीचं बटण बंद केलं, फळीवरून खाली उतरले आणि चार वाजता घरी गेले. घामेजल्या अंगानं. स्वेटर खुंटीवर तसाच.

त्याच संध्याकाळी ताप भरला. छाती वाजायला लागली. मुलानं डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी गोळ्या दिल्या, त्या काका मुकाट्यानं वेळच्या वेळी पूर्ण घेत होते. डॉक्टरच्या गोळीला पाव-पाऊण लावायचं नाही हे काकूंनीच बजावून ठेवलं होतं. पण दूध नको, पाणी नको, बोलणं नको. दोन दिवस स्टुलावर पेला आला नाही. मी दुकानात आल्यागेल्यावर खेकसत होते. खरं खेकसायचं ज्याच्यावर होतं ते माणूस मीच.

आठव्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. "ताप उतरलाय. गाडी ठरवली, उद्या सकाळी निघतो. या खोल्यांत ते बरे होणार नाहीत. चौदा दिवसांचं खूळ आता पुरे, मावशी."

मी दुकान काउंटरवरच्या बाईवर टाकलं, कपड्यांची चळत त्याच चादरीत बांधली आणि निघाले. जिना चढताना ठरवलं होतं, शब्द गेला खड्ड्यात.

मुलगा स्वयंपाकघरात होता, भांडी खोक्यात भरत. काका बाहेर पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. मी पडदा ओढून घेतला आणि पोराला सगळं सांगितलं. पाऊण पेला, पंचेचाळीस मिनिटं, अर्धा पेला, सगळं. वेड नाही रे, म्हटलं, हिशेबानं चाललेलं रडणं आहे ते, आणि तू आणि मी मिळून मधेच तोडलं. तो हसेल असं काकांना वाटलं होतं. तो हसला नाही. हातातली पातेली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"मला का नाही सांगितलं?" असं म्हणाला, आणि मग आवाज चढला. "मला कुणीच काही सांगत नाही! फोन आला तेव्हा मी तेराव्या मजल्यावर होतो, मावशी. लिफ्टच्या खड्ड्याच्या तोंडाशी. आदल्या दिवशी आईचा फोन आला होता, मी म्हटलं कामात आहे, उद्या करतो. उद्या शेजाऱ्यांचाच आला. बाबांना चौदा दिवस. ते बसून रोज थोडं थोडं सोडणार. मला कुठे मिळालं पाऊण? मला कुठे मिळालं अर्धं? सगळं एका फोनमध्ये शून्य. ते कपाट मी बाबांसाठी नाही रिकामं केलं. मलाच बघवत नव्हतं."

आणि खोक्यावर बसून तो रडायला लागला. मोठ्यानं, लहान मुलासारखा. आई गेल्यापासून तो रडला नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आम्ही सगळे बापाचं नाडीपरीक्षण करत बसलो होतो; या पोराची छाती भरलीय हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पडदा सरकला. काका अंगाभोवती पांघरूण घेऊन उभे होते. पडद्यामागून काय ऐकू येणार नाही? मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. खोक्यात हात घालून दुधाचं भांडं काढलं, कागद सोडवला, शेगडी पेटवली. दूध तापेपर्यंत भिंतीला धरून उभे राहिले. मी पुढे झाले तर मानेनंच नको म्हणाले. मग दोन पेले काढले. एकात अर्धं दूध, अर्धं सुंठेचं पाणी. त्यांचा तो. दुसऱ्यात दूध ओतायला लागले आणि थांबेचनात. पाव झालं, अर्धं झालं, पाऊण झालं. काठोकाठ भरून बोटावर सांडलं तेव्हा भांडं खाली ठेवलं.

तो भरलेला पेला घेऊन ते बाहेर गेले आणि खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला. "ये," म्हणाले.

मुलगा डोळे पुसत आला. बसायला दुसरं काही नव्हतंच, पलंगावर मधोमध मी आणलेलं गाठोडं होतं. तो खुर्चीत बसला, आईच्या, आणि बसल्यावर दचकून उठायला लागला. काकांनी खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं.

"हे काय, बाबा?"

"आईचा."

"तुमचा अर्ध्यावर आला होता ना?"

"माझं राहू दे. तुझा आज पहिला. पहिला भरलेला असतो. पाऊण उद्यापासून."

"बाबा, गाडी उद्या सकाळी आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीवाल्याचा नंबर मुलाच्या फोनमध्ये होता. मी फोन उचलला आणि त्याला इतक्या गोडीत नको म्हणून सांगितलं, की मलाच माझा आवाज ओळखू येईना.

मुलानं दोन्ही हातांनी पेला धरून घोट घेतला. थांबला. "यात साखर नाही."

"तुझी आई घ्यायची नाही."

"कधीपासून?"

"तू शाळेत जायला लागलास तेव्हापासून."

"मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला, आणि पेला मांडीवर टेकवला. "मला तिचं काहीच माहीत नाही, बाबा."

काका पलंगाच्या कडेला त्याच्यासमोर बसले, अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि घड्याळाकडे न बघता म्हणाले, "पी हळूहळू. सांगतो."